बदकपायांचा राक्षस

१२ नोव्हेंबर १५५८, पादुआ

आजपासून रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. पहिल्या आसनावरचे, म्हणजे विद्यापीठातल्या सगळ्यात मानाच्या जागेवरचे, म्हातारे पंडित उन्हाळ्यात वारले. ते आसन आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रिकामं राहणार आणि मग माझ्याकडे येणार, यात मला शंका नाही. ते कसं आलं हे मागाहून लोक विचारतील, तेव्हा लिहिलेलं असलेलं बरं.

काल संत मार्तिनोचा सण झाला. घरोघरी हंस भाजतात. आमच्याकडे दरवर्षी बदक असतं, कारण ओर्सेत्ताला, म्हणजे माझ्या बायकोला, तेच आवडतं. काल मात्र तिने ताटाला हात लावला नाही. वासानेच उठून खिडकीशी गेली. मी तिचाही वाटा खाल्ला. अन्न फुकट घालवू नये.

आमच्या विद्यापीठाची जुनी खोड अशी, की एका विषयाला दोन पंडित नेमायचे. दोघांनी एकाच तासाला, समोरासमोरच्या दालनांत, तोच ग्रंथ शिकवायचा, आणि मुलांनी हवं तिकडे बसायचं. कोणाची बाकं भरली आणि कोणाची रिकामी, हे अंगणातल्या कबुतरांनासुद्धा कळतं. माझ्या समोर गाउदेन्झियो आहे. फेल्त्रेच्या डोंगरातला माणूस. बर्फावरून पाऊल टाकावं तसा एकेक शब्द जपून टाकतो. यंदा त्याच्याकडे जास्त मुलं आहेत. कारण उघड आहे, तो सोपं करून सांगतो.

आमचा वाद एकाच गोष्टीवर आहे. मी म्हणतो, गरोदर बाईच्या मनात जे चित्र भरतं, त्याचा ठसा पोटातल्या बाळावर उमटतो. मन हा शिक्का, शरीर हे मेण. तो म्हणतो, असं काही नसतं. इतकं सुंदर मत खोडून काढवतं तरी कसं, मला समजत नाही.

२० नोव्हेंबर

धुकं इतकं की दुपारीही दिवे लावावे लागले. कमानींखालून आलो तरी पाय भिजले. ओर्सेत्ताने कोमट पाण्यात माझे पाय घेतले आणि नखं कापली. लग्नापासून हे काम तिचंच. मला वीतभर अंतरापलीकडे नीट दिसत नाही, आणि भिंगं लावली की डोकं दुखतं. त्यामुळे माझे स्वतःचे पाय मला कायम परगावी असल्यासारखे वाटतात. ती नेहमीसारखी गालात हसली आणि मला 'बदकोबा' म्हणाली. माझ्या चालीवरून म्हणत असावी.

पाय पाण्यात असतानाच चित्र सुचलं.

आमच्या धंद्यात प्रतिपक्षाला मूर्ख म्हणणं गावंढळपणाचं समजतात. त्याचं मत हा एक राक्षस आहे असं म्हणायचं: डोकं एका प्राण्याचं, पोट दुसऱ्याचं, शेपूट तिसऱ्याचं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. माझ्या गुरूंनी त्यांच्या विरोधकाला तीन डोक्यांची शेळी म्हटलं होतं. तो बिचारा मरेपर्यंत शेळीच राहिला. पण ते सगळं तोंडी. मी माझा राक्षस लाकडात कोरून, छापून घेणार. चेहरा गाउदेन्झियोचा, टोपीसकट. मान बगळ्याची, पोट पिंपाचं. आणि पाय बदकाचे, कारण त्याचं मत ना धड जमिनीवरचं ना धड पाण्यातलं. पाय कुठून सुचले कोण जाणे, पण सगळ्यात उत्तम तेच आहेत.

५ डिसेंबर

चित्र आलं. गावभर लागलं. औषधवाल्याच्या दुकानाशी लोक थांबून हसतात. फाउस्तिनो, माझा ब्रेशियाचा विद्यार्थी, सांगत होता की गाउदेन्झियो दालनात शिरला की मागची बाकं 'क्वाक' करतात. आज माझ्याकडे बरीच नवी मुलं येऊन बसली.

एक प्रत घरी आणून जेवणाच्या खोलीत लावली, ओर्सेत्ताच्या खुर्चीसमोर, म्हणजे तिला माझा पराक्रम येता-जाता दिसेल. तिने आधी चेहरा पाहिला आणि म्हणाली की माणसाला उगाच दुखवू नये. मग तिची नजर पायांवर गेली आणि ती इतकी हसली की टेबलाचा आधार घ्यावा लागला. गाउदेन्झियोला हसली, मला फार बरं वाटलं.

त्याआधी, चित्र घेऊन घरी परतताना, धुक्यात कोणीतरी मागे चालत असल्याचा भास झाला होता. ओल्या फरशीवर चपक, चपक. वळून पाहिलं तर धुकंच. राक्षस असेल, असं मनाशी म्हटलं आणि मजेत घरी आलो.

१८ डिसेंबर

ओर्सेत्ताने चित्र उलटं करून भिंतीकडे तोंड केलं होतं. मी सरळ केलं. नाताळाआधीच्या उपासाची मासळी तिला बाधते आहे, सकाळी दोनदा ओकली. मासळीवाला बदलायला सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग 'बरं' म्हणाली.

राक्षस आता ओळखीचा झाला आहे. शिकवताना खिडकीतून अंगणातलं धुकं दिसतं आणि तो त्यात उभा असतो, टोपी घालून. काही करत नाही.

८ जानेवारी १५५९

घाईत लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर माफी असावी, कोणाची ते मलाही माहीत नाही.

दुपारी ओर्सेत्ता जेवणाच्या खोलीत शिवत होती. म्हणाली, "अहो, पाचवा लागला."

मी विचारलं, "पाचवा कोण?"

"महिना," ती म्हणाली. "मेमध्ये होईल."

मी खाली बसलो. मग उठलो. तिचे हात धरले. इतके दिवस का सांगितलं नाहीस, असं विचारलं.

"आधीच्या दोन्ही वेळी लगेच सांगितलं होतं," ती म्हणाली.

त्या दोन बाळांची लहान थडगी संत सोफियाच्या देवळाच्या अंगणात आहेत आणि त्या बाजूने आम्ही दोघंही जात नाही. मला रडू आलं, आनंदानेच आलं. मग डोळे पुसून वर पाहिलं तर समोर भिंतीवर तो.

पायाखालची जमीनच सरकली. ऑगस्टपासून जानेवारी. डिसेंबरपासून रोज तिच्या ताटासमोर. मीच लावला, तिने फिरवला तर मीच सरळ केला.

तू याकडे किती बघितलंस, असं विचारलं. ती म्हणाली, रोजच की, समोरच तर आहे. मग माझा चेहरा पाहून तिच्या लक्षात आलं. "गाउदेन्झियो पंडितांसारखं होईल, एवढंच ना? नीटनेटका माणूस आहे." आणि पुन्हा शिवायला लागली.

चित्र चुलीत घातलं. जे बघून झालं ते कुठल्या चुलीत घालायचं?

२२ जानेवारी

आज जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही.

दोन आठवडे मी माझंच मत रोज तपासतो आहे. त्यात फट सापडत नाही. मी ते फारच चांगलं बांधलं आहे. एखाद्याने स्वतःभोवती भिंत बांधावी आणि दार ठेवायला विसरावं, तसं झालं. मग वाटलं, हे मत फोडू शकेल असा गावात एकच माणूस आहे.

तासाची घंटा झाली तेव्हा मी माझ्या दालनाकडे न वळता समोरच्या दालनात गेलो. डोक्यावरून झगा ओढून शेवटच्या बाकावर बसलो. माझी मुलं पलीकडे वाट बघत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता.

गाउदेन्झियो म्हणाला की त्याच्या गावच्या बायका दिवसभर बैल बघतात, बैल हाकतात, बैलांशी भांडतात. पण त्यांच्या पोरांना शिंगं येत नाहीत. येतं ते बापाचं नाक. ते नाक कुठल्या चित्रातून आलं? मुलं हसली. मी हसलो नाही. मी ते वाक्य देवाचं नाव घ्यावं तसं मनात घोकत बसलो. माझ्या मतापुढे ते टिकणारं नाही, हेही मला कळत होतं. नाकावर मी याच वर्षी मोठं उत्तर लिहिलं आहे. पहिल्यांदाच मला माझं उत्तर आवडलं नाही.

त्याने मला पाहिलं. बोलता बोलता जरा अडखळला आणि पुढे बोलू लागला.

३ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण काल झाला. आज नदीवरच्या पुलावर धुक्यातून गाउदेन्झियो एकदम समोर आला. वाट अरुंद, टाळता येईना. मला वाटलं, आता दालनात का आला होतात म्हणून विचारेल. त्याने ते विचारलं नाही.

"माझ्या धाकटीने तुमचं चित्र पाहिलं," तो म्हणाला. "घाबरली नाही ती. तिने विचारलं, बाबा, हे तुम्ही का?"

मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत.

"हो म्हणालो. चेहरा माझाच आहे. मग तिने माझे बूट काढून पाहिले."

त्याने टोपीला हात लावला आणि गेला. मी पुलावर उभा राहिलो. माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते मला लॅटिनमध्येच येतं. खाली पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

२१ मार्च

धुकं सरलं, राक्षस मात्र आता घरातच असतो. दुपारी मी वाचताना तो खिडकीशी गुडघ्यांना मिठी मारून बसतो. पूर्वी त्याचा चेहरा गाउदेन्झियोचा होता, हल्ली लहान लहान होत चालला आहे. काल मी त्याच्याशी बोललो. म्हटलं, कसाही ये, पण ये. जिवंत ये. त्याने मान हलवल्यासारखं वाटलं. ओर्सेत्ताने विचारलं, कोणाशी बोलताय? मी म्हटलं, उद्याचा पाठ म्हणतोय.

१७ मे

मुलगी झाली. जिवंत आहे, रडते, जोरात रडते.

सुईण मालगारीने तिला माझ्या हातात दिलं. मी तिला अगदी डोळ्यांजवळ धरलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाक माणसाचं. मान आखूड, बगळ्याची नाही. पोट गोल, पण ते सगळ्यांचंच असतं. मग पाय पाहिले, दोन्ही, एकेक बोट. कुठेही काही वावगं नव्हतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी मालगारीला म्हटलं, किती सुंदर पाय आहेत.

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाली, "मालक, नीट बघा. दुसरं आणि तिसरं बोट जुळलेलं आहे. दोन्ही पायांना पडदा आहे. बदकासारखा."

मी पुन्हा पाहिलं. ती म्हणाली तसंच होतं.

ओर्सेत्ता थकून झोपली आहे. तिला कसं सांगू? तिचा काही दोष नाही. शिक्का मी कोरून घेतला, भिंतीवर मी लावला. मी आयुष्यभर जे खरं म्हणून शिकवलं ते खरं निघालं. असा विजय शत्रूवरही येऊ नये.

नाव ज्युस्तीना ठेवलं आहे.

२१ मे

मालगारीच्या तोंडात तीळ भिजत नाही. चार दिवसांत गोष्ट गावभर झाली, आणि जिथे जिथे गेली तिथे पोरीला काही ना काही फुटत गेलं. मासळीबाजारात तिला पिसं होती म्हणे.

आज फाउस्तिनो घरी आला. डोळे चमकत होते. येऊन माझ्या हाताचं चुंबन घेतलं.

"गुरुजी, पुरावा तुमच्याच घरी जन्मला. आता गाउदेन्झियो पंडितांनी तोंड उघडून दाखवावं."

मुलांनी वर्गणी काढून नवा ठोकळा कोरायला दिला आहे. त्याने कच्चा ठसा दाखवला. पाळण्यात एक बाळ, त्याला बदकाचे पाय आणि चोच. बाजूला आई, तिची नजर भिंतीवरच्या राक्षसाकडे. खाली माझं नाव, मोठ्या अक्षरांत, आणि 'सिद्ध झालं' असे शब्द. महिनाअखेरीला अंगणात, मुलांच्या कड्यात, आम्हा दोघांचा जाहीर वाद आहे, त्या सकाळी ते गावभर लावायचं त्यांनी ठरवलं आहे. पहिलं आसन मग कुठे जातं, असं म्हणून तो हसला.

वाईट मुलगा नाही तो. मीच त्याला हे शिकवलं आहे. मी कागद गुडघ्यावर ठेवला. आतल्या खोलीत ज्युस्तीना रडत होती आणि इथे माझ्या गुडघ्यावर ती चोच घेऊन पडली होती. छापू नका म्हणालो तर फाउस्तिनोला वाटलं मी विनय करतो आहे.

२२ मे

ओर्सेत्ताला सगळं सांगून टाकलं. चित्र, ठसा, बोटं, फाउस्तिनोचा कागद. शेवटी म्हटलं, मी आपल्या लेकीचा राक्षस केला.

ती उशीला टेकून बसली होती, पोर मांडीवर. आधी तिने तो कागद मागितला. बघून तिचा चेहरा असा झाला की मी लग्नापासून तसा पाहिला नव्हता. मग म्हणाली, "मोजा काढा."

मला वाटलं बाळंतपणाने भ्रमली. ती म्हणाली, "उजवा काढा, डावा काढा, कुठलाही काढा. आणि पाय इकडे आणा."

मी पाय पलंगावर ठेवला. तिने घोटा धरून तो इतका वर ओढला की मी मागे पडता पडता राहिलो, आणि माझ्या नाकासमोर आणून ज्युस्तीनाचा पाय त्याच्या शेजारी धरला.

दुसरं आणि तिसरं बोट. मध्ये पडदा. त्याच जागी, तेवढाच.

"सगळ्यांचे असेच असतात ना?" मी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "दुनियेच्या मनात काय भरतं ते तुम्हाला दिसतं, आणि स्वतःच्या पायाखाली काय जळतंय ते दिसत नाही. इतकी वर्षं बदकोबा कशाला म्हणते मी?"

मग ती हसायला लागली. मीही हसलो, रडलोही असेन. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आमच्या घरी बापाचे दिसले. खिडकीशी पाहिलं तर तिथे नुसतं ऊन होतं. मी दुसराही मोजा काढला आणि बराच वेळ आम्ही तिघं पलंगावर बसून राहिलो, माझे आणि पोरीचे मिळून चार पाय उघडे.

पण हे घरात कळून काय उपयोग? गावात चोच छापली जाणार आहे.

३० मे

वाद झाला.

संध्याकाळच्या उन्हात अंगणात मुलांचं कडं होतं, मध्ये आम्ही दोघं. फाउस्तिनोच्या काखेत कागदांचा गठ्ठा होता. वाद संपला की लावायचे, असं मी त्याच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं.

रिवाज असा, की आपलं उत्तर द्यायच्या आधी प्रतिपक्षाचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि ते त्याला पटेल इतकं नीट मांडायचं. गाउदेन्झियोने माझं मत मांडलं. इतकं सुरेख मांडलं की मलाही कधी जमलं नव्हतं. राक्षसाचा, चित्राचा, माझ्या घराचा उल्लेखही केला नाही. त्याच्या हातात सगळं आयतं होतं. त्याने ते वापरलं नाही.

मग माझी पाळी आली. मी बैल सांगितले, बापाचं नाक सांगितलं. नीट आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, नीट आहे. आता मी खोडून काढायचं होतं. सगळे वाट बघत होते.

मी वाकून उजवा बूट काढला. मग मोजा.

आधी कोणाला काही कळेना. एका पायावर उभं राहून मी दुसरा वर धरला आणि लॅटिन सोडून घरच्या बोलीत बोललो, कारण हे मला लॅटिनमध्ये सांगायचं नव्हतं. म्हणालो, "माझ्या मुलीची बोटं जुळलेली आहेत हे खरं आहे. ती अशी आहेत. तिच्या आईने कुठलंही चित्र बघितलं म्हणून नाही, माझ्याशी लग्न केलं म्हणून. राक्षसाचे पाय मी माझेच कोरून घेतले होते, मला माहीत नव्हतं. पंडितांचं म्हणणं मला खोडता येत नाही."

क्षणभर कबुतरं ऐकू आली. मग कोणीतरी 'क्वाक' केलं आणि सगळं अंगण फुटलं. हसून हसून मुलं खाली बसली. फाउस्तिनो हसला नाही. तो गठ्ठा छातीशी धरून पांढराफटक उभा होता, आणि मग वळून चालू लागला. बाहेरच्या कालव्यात कागद पडल्याचं नंतर कळलं.

मी एका पायावर डुलत होतो. गाउदेन्झियो पुढे आला. मला वाटलं, आता हाही. त्याने माझं कोपर धरलं, नाहीतर मी पडलोच असतो. मुलांकडे न बघता हळूच म्हणाला, "फरशी गार आहे. बूट घाला."

मी म्हटलं, तुमच्या धाकटीला सांगा, पाय माझे होते.

"सांगतो," तो म्हणाला आणि मी मोजा चढवेपर्यंत कोपर सोडलं नाही.

१५ जून

पहिलं आसन गाउदेन्झियोला मिळालं. मला दुःख झालं. खरं ते लिहायचं म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होतं.

संत अंतोनियोच्या जत्रेत नवं चित्र विकायला आलं आहे. कोणी काढलं माहीत नाही. टोपी माझी, नाक माझं, एक पाय वर धरलेला, बोटांत पडदा चांगला पंख्याएवढा. औषधवाल्याच्या भिंतीवर जुना राक्षस होता तिथेच लावलं आहे. मी रस्त्याने गेलो की पोरं मागून क्वाक करत येतात. काल देवळातून परत येताना, आदल्या रात्रीच्या सरीने फरशी ओली होती आणि मागून तीच चाहूल आली, चपक, चपक. मी थांबलो तर ती थांबली. चाललो तर चालली. माझीच पावलं होती. हिवाळाभर माझीच असणार.

घरी आलो तर ओर्सेत्ता पाळण्याशी खुर्चीवर चढून खिळा ठोकत होती. जत्रेतून तिने ते चित्र आणलं होतं. मी चिडलो. म्हटलं, इतकं सगळं होऊन पुन्हा भिंतीवर राक्षस?

"बघू दे तिला," ती तोंडात दुसरा खिळा धरून म्हणाली. "मोठी झाल्यावर कोणी काही बोललं, तर ओळखीचं वाटेल."

मी खुर्ची धरून उभा राहिलो, ती पडू नये म्हणून. पोरीचे पाय आता आम्ही गुंडाळत नाही. ज्युस्तीना चित्राकडे बघत पडली होती आणि पाय हलवत होती.